ऑर्लँडोला जाताय? हमरस्त्यावरच्या स्वस्त तिकिटांच्या वाटेला जाऊ नका

डिस्नी वर्ल्डला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला आधी एवढंच सांगायचंय, बाकीचं नंतर. ऑर्लँडोजवळच्या किसिमी गावात 192 नंबरच्या रस्त्यावर "डिस्नीची तिकिटं अर्ध्या किमतीत" असे मोठाले फलक लावलेली दुकानं दिसतात. तिथे गाडी थांबवू नका. चौकशीलासुद्धा उतरू नका. आमची एक अख्खी सकाळ त्यात गेली आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आम्ही पुण्याहून आई-बाबांना आणि मुलांना घेऊन गेलो होतो, दादा-वहिनी न्यू जर्सीहून आले होते. सगळ्यांना मिळून किसिमीत भाड्याने घर घेतलं. तो निर्णय उत्तम होता, कारण स्वयंपाकघर मिळतं आणि रात्री दमून आल्यावर मऊ भात-मेतकूट खाता येतं. प्रश्न तिकिटांचा होता. गर्दीच्या दिवशी डिस्नी वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कचं एका दिवसाचं तिकीट माणशी दीडशे डॉलरच्या वर जातं. मोठं कुटुंब असलं की आकडा बघून पोटात गोळा येतो, आणि नेमका अशाच लोकांसाठी तो फलक लावलेला असतो.

दुकानात टी-शर्ट, शिंपल्यांच्या माळा, चुंबकं आणि कोपऱ्यात एक टेबल. टेबलापलीकडची बाई फार गोड बोलत होती. उद्या सकाळी एका रिसॉर्टमध्ये नाश्ता, 90 मिनिटं माहिती ऐकायची, मग तिकिटं तुमची. अट एवढीच की नवरा-बायको दोघांनी यायचं, पत्ता अमेरिकेतला हवा, स्वतःचं क्रेडिट कार्ड हवं आणि वार्षिक उत्पन्न सांगायचं. शिवाय थोडी अनामत, जी परत मिळणार. आमच्यात अमेरिकेतला पत्ता दादाचाच, त्यामुळे दादा-वहिनी पात्र ठरले. गाडी एकच असल्याने दुसऱ्या दिवशी आम्हीही सगळे तिथेच.

ही माहिती म्हणजे टाइमशेअर विकण्याची बैठक. दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क विकत घ्या, असा तो व्यवहार. विक्रेता पाच मिनिटांत दादाला पहिल्या नावाने हाक मारू लागला. मग पिवळा, रेघांचा कागदाचा गठ्ठा पुढे ओढून त्याने विचारलं की वर्षाला सुट्टीवर किती खर्च करता. उत्तर लिहिलं, त्याला वीस वर्षांनी गुणलं आणि आलेल्या रकमेभोवती पेनाने दोन वेळा गोल काढला. त्याखाली रिसॉर्टची किंमत. वहिनी नाही म्हणाली, त्याने किंमत खोडून खाली कमी किंमत लिहिली. पुन्हा नाही, तर व्यवस्थापक आला आणि त्याने अजून खाली उतरवली. नंतर एक बाई आली, ती म्हणे फक्त अभिप्राय घ्यायला, आणि तिच्याकडे आणखी लहान, "आज सही केली तरच" अशी योजना. भिंतीवर घड्याळ नव्हतं. मुलं कोपऱ्यात रंगकाम करून कंटाळली, बाबा बाहेर उन्हात गाडीजवळ जाऊन उभे राहिले. शेवटी वहिनी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आम्हाला नको आहे, तिकिटं द्या." आठला आत गेलेले आम्ही साडेबाराला बाहेर पडलो.

आणि तिकिटं? मिळाली दोनच. तीही एकेका दिवसाची. "अर्धी किंमत" फक्त त्या जोडप्यापुरती होती, बाकीच्यांची तिकिटं नेहमीच्या दराने घ्यावी लागली. हिशेब करून बघा: डिस्नीची बरेच दिवसांची तिकिटं एकत्र घेतली की दर दिवसाचा भाव आपोआप उतरतो. त्यामुळे एकेका दिवसाची सवलतीची तिकिटं घेऊन हाती फारसं लागत नाही, आणि सकाळ जाते ती जातेच.

कोणी तिथे अडकून सही करून बसलंच, तर घाबरू नका. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे टाइमशेअरचा करार 10 दिवसांत लेखी कळवून रद्द करता येतो, आणि हा हक्क सोडतो असं कोणी तुमच्याकडून लिहून घेतलं तरी ते चालत नाही. तोंडी सांगून भागवू नका, पत्र रजिस्टरने पाठवा आणि पावती जपा. "आमचे दोन दिवस उरलेत, घ्या स्वस्तात" असं म्हणून अर्धवट वापरलेली तिकिटं विकणारेही भेटतात. ती तर मुळीच घेऊ नका. तिकीट माणसाशी जोडलेलं असतं, प्रवेशद्वारावर बोटाचा ठसा ताडून पाहतात, आणि अशी विक्री फ्लोरिडात गुन्हा आहे. तिकिटं डिस्नीच्या ॲपवरून घ्या किंवा अधिकृत विक्रेत्याकडून, तीही पुण्यात बसूनच.

दुसरी फसगत जुन्या सल्ल्यांची. 2015 च्या सुमारास जाऊन आलेल्या नातेवाइकांचं प्रत्येक वाक्य तपासून घ्या. लांब रांग टाळून राइडवर बसू देणारा फास्टपास फुकट मिळतो, असं आम्हाला तीन घरांतून सांगितलं होतं. तो बंद होऊन काही वर्षं झाली. आता त्याच्या जागी लाइटनिंग लेन आहे आणि तिचे पैसे पडतात. विमानतळावरून डिस्नीच्या हॉटेलात नेणारी मोफत बसही 2022 च्या सुरुवातीला थांबली. लाइटनिंग लेनचे दर दिवसाप्रमाणे आणि पार्कप्रमाणे बदलतात. डिस्नीच्या हॉटेलात उतरलेल्यांना ती 7 दिवस आधी नोंदवता येते, बाहेर राहणाऱ्यांना 3 दिवस आधी, सकाळी 7 वाजता तिथल्या वेळेप्रमाणे. म्हणजे चांगल्या वेळा तुमच्या आधीच गेलेल्या असतात. माझं मत स्पष्ट आहे: मॅजिक किंगडमसाठी घ्या, ॲनिमल किंगडमसाठी पहाटे उठा आणि पैसे वाचवा.

ॲनिमल किंगडम. याच्याबद्दल मला भरभरून लिहायचंय, कारण एवढा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच पार्कात झाला नाही. 1998 साली उघडलेलं हे पार्क. आत आशिया नावाच्या भागात आनंदपूर हे कल्पनेतलं गाव उभं केलंय. आपण भारतातून जातो, तेव्हा मनात धाकधूक असते की आता काहीतरी भडक, नकली बघायला मिळणार. तसं झालं नाही. भिंतींचा उडालेला रंग, दोऱ्यांवरच्या फाटक्या पताका, दगडात बसवलेल्या देवळ्या, पितळेच्या घंटा, सगळं कुणीतरी हिमालयाच्या पायथ्याशी बसून नीट पाहून केलेलं आहे. बाबा एका ओट्यापाशी थांबून बराच वेळ कोरीवकाम बघत राहिले.

तिथली एक्स्पीडिशन एव्हरेस्ट ही राइड चुकवू नका. डोंगर जेमतेम 200 फुटांच्या आत आहे, पण जवळ गेल्यावर मान मागे टाकावी लागते. गाडी चढत चढत माथ्यावर येते आणि पुढे रूळ उखडलेले, वाकडे होऊन हवेत वळलेले. तिथे ती थांबते. मागचं कुणीतरी किंचाळतं. मग अख्खी गाडी अंधारात उलटी सुटते. मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा उतरल्यावर पाय थरथरत होते, आनंदाने. उंचीची अट 44 इंच, म्हणजे साधारण 112 सेंटिमीटर. मुलांची उंची घरीच मोजून जा, रांगेच्या तोंडाशी रडारड नको. लहान मूल बसू शकत नसेल तर रायडर स्विच मागा: एकजण मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. एकट्याने बसायची तयारी असेल तर सिंगल रायडरची वेगळी रांग आहे, ती बरीच लवकर सरकते.

सफारी सकाळी उघडल्या उघडल्या करा. जनावरं जागी असतात आणि ऊन चढलेलं नसतं. ट्रक मुद्दाम खडबडीत रस्त्यावरून नेतात, कंबरदुखी असणाऱ्यांनी मधल्या बाकावर बसावं. महाराजा जंगल ट्रेक नावाची पायवाट राजवाड्याच्या पडक्या भिंतींमधून जाते आणि काचेपलीकडे वाघ असतो. तिथे रांग नाही, उंचीची अट नाही, आई-बाबांना सगळ्यात जास्त तीच आवडली.

आता ऊन. जूनचा पहिला आठवडा आमच्या शाळांच्या सुट्ट्यांमुळे निवडावा लागला. पुण्याचा उन्हाळा सोसलेल्यालाही ही दमट हवा झेपत नाही. ॲनिमल किंगडममध्ये झाडी इतकी दाट की वाराच लागत नाही, कपडे अंगाला चिकटून राहतात. दुपारी ढग भरून येतात आणि वीज कडाडली की उघड्यावरच्या सगळ्या राइड बंद होतात. अशा वेळी अर्धं पार्क घरी जायला निघतं. तुम्ही निघू नका. एखाद्या बंदिस्त खेळात किंवा उपाहारगृहात तासभर काढा. पाऊस उघडल्यावरची संध्याकाळ ही दिवसातली सगळ्यात चांगली वेळ असते, हवा उतरते आणि रांगा निम्म्या होतात. रेनकोट इथूनच न्या, तिथे साधा प्लास्टिकचाही महाग पडतो. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं होतंच, तेव्हा नवीन बूट घालून जाऊ नका.

मॅजिक किंगडमच्या बाबतीत एक गोष्ट कोणीच नीट सांगत नाही. पार्किंग पार्कच्या दाराशी नाही. गाडी लावायची, सामानाची तपासणी करायची, मग तलाव ओलांडायला मोनोरेल किंवा फेरीबोट. टॅक्सीसुद्धा तलावाच्या अलीकडेच सोडते आणि अलीकडेच घ्यायला येते. डिस्नीच्या हॉटेलांच्या बस मात्र थेट दारापर्यंत जातात. त्यामुळे आत शिरायच्या वेळेच्या किमान पाऊण तास आधी पार्किंगमध्ये हवंच. आतषबाजी संपली की हजारो माणसं एकाच वेळी परतीला लागतात. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर दोनच पर्याय मला पटतात. आतषबाजी सुरू व्हायच्या आधी बाहेर पडून तलावाच्या पार्किंगकडच्या काठावरून ती बघा, तिथून आकाश छान दिसतं. नाहीतर संपल्यावर पार्कच्या आतल्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत रेंगाळा आणि गर्दी ओसरू द्या. मधल्या वेळेत निघालात तर आईसारख्या गुडघेदुखी असलेल्या माणसाला उभ्याने फार वेळ काढावा लागतो. व्हीलचेअर प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळते, संकोच न करता घ्या. आई आधी नको म्हणत होती, दुपारनंतर तिनेच मागितली आणि रात्री ती आमच्यापेक्षा ताजी होती.

एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही बाकीची दोन पार्कं ठीक. मजा आली, विशेष सांगण्यासारखं काही नाही.

खाण्याचं सोपं आहे. बाहेरचे पदार्थ आत न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची बाटली, मद्य आणि सुटा बर्फ नको. आम्ही रोज दशमी, चटणी, चिवडा आणि फळं नेत होतो. बर्फ घातलेलं पाणी खाद्यपदार्थांच्या कुठल्याही काउंटरवर फुकट मिळतं, नुसतं मागायचं; बाटल्या विकत घेऊ नका. भारतीय किराणा ऑर्लँडोत ऑरेंज ब्लॉसम ट्रेलवर मिळतो, पहिल्याच दिवशी भरून ठेवा. एकदा बाहेर जेवायचं असेल तर ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या उपाहारगृहात जा. तिथे नान आणि त्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या-रायती येतात, खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. जागा आधी नोंदवा.

शेवटचं गाडीबद्दल. विमानतळावरून किसिमीकडे जाणारा 417 हा टोलचा रस्ता आहे. गाडी भाड्याने देणाऱ्याने आपोआप टोल भरणारी डबी गाडीत बसवून दिली आणि बिलात दर दिवसाचं शुल्क लावलं, टोल दोनदाच भरला असला तरी. टोल वेगळा, ते शुल्क वेगळं. ऑर्लँडो विमानतळावर व्हिजिटर टोल पास फुकट मिळतो: त्याच्या ॲपवर आधी नोंदणी करायची, विमानतळावर पास घ्यायचा, आरशाला अडकवायचा आणि निघताना विमानतळावरच परत करायचा. फक्त टोलचेच पैसे कापले जातात. गाडी ताब्यात घेताना ती डबी बंद आहे ना, हे काउंटरवर विचारा आणि करारावर तसं लिहून घ्या. बिल महिन्याने येतं, तोवर तुम्ही घरी पोचलेले असता आणि भांडायला फोनच उरतो.