समोरचा चुकतोय, तरी तुम्ही गप्प का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला बहुतेक वेळा पेशंटच्या घरच्यांकडून येतो. आईला किंवा सासऱ्यांना घेऊन आलेली मंडळी मागे बसून सगळं बघत असतात आणि शेवटी न राहवून विचारतात, "मॅडम, ती चुकत होती हे तुम्हाला दिसत होतं ना? मग सांगितलं का नाहीत?"

मी वैद्यकीय उपकरणांच्या यूजेबिलिटी टेस्ट घेते. ग्लुकोमीटर, इन्सुलिन पेन, नेबुलायझर, घरचं बीपी मशीन. उपकरण आतून बरोबर आहे की नाही हे इंजिनिअर आणि लॅब बघतात. तेच उपकरण सकाळच्या घाईत, चष्मा सापडत नसताना, घरातल्या माणसाच्या हातात बरोबर चालतं का, हे मी बघते.

नाशिकच्या पंचवटीतल्या एका मावशींचं सांगते. इन्सुलिन पेनची टेस्ट होती. पेनमध्ये नुसतं पाणी, पोटाच्या जागी स्पंजची गादी. मावशींनी सुई पेनवर फिरवून घट्ट बसवली, बाहेरचं मोठं टोपण काढलं, डोस लावला, पेन गादीवर टेकवून बटण शेवटपर्यंत दाबलं आणि पुटपुटत दहापर्यंत आकडे मोजले. सगळं सफाईने. फक्त सुईवरचं आतलं बारीक टोपण तसंच राहिलं होतं. पाणी त्या टोपणात साठलं, गादी कोरडी. मावशी मात्र काम झालं म्हणून निवांत.

त्या क्षणी मी "आतलं टोपण राहिलं" म्हटलं असतं, तर त्यांनी ते काढलं असतं आणि माझ्या कागदावर 'डोस बरोबर दिला' अशी नोंद झाली असती. घरी मात्र रोजचा डोस टोपणातच गेला असता. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला असता, आणि तोही टोपणात. ही माझी कल्पना नाही. औषधं सुरक्षित वापरली जावीत म्हणून काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आयएसएमपी या संस्थेने २०१७ मध्ये नेमक्या याच चुकीबद्दल इशारा दिला होता. हॉस्पिटलमध्ये वापरतात त्या काही सुरक्षित सुयांना असं आतलं टोपण काढावंच लागत नाही. घरी साधी सुई हातात पडते आणि तीच सवय पुढे चालू राहते.

टेस्ट आटोपल्यावर मी विचारलं, "मावशी, हे आतलं टोपण दिसलं तेव्हा काय वाटलं?"

"अहो, ते सुईचंच वाटलं. बटण दाबलं की त्यातून सुई बाहेर येत असेल."

हे वाक्य मिळावं म्हणूनच मी गप्प बसते. मध्ये बोलले असते, तर मावशी "हो हो, विसरलेच" म्हणाल्या असत्या. त्या विसरल्या नव्हत्या. टोपण पारदर्शक होतं आणि आत सुई दिसत होती, म्हणून त्यांनी लावलेला अर्थ अगदी रास्त होता. बदलायचं ते टोपण.

कधी कधी लोक मध्येच थांबून विचारतात, "आता काय करू हो?" मी म्हणते, "घरी एकटे असतात तर काय केलं असतं?" एक काका म्हणाले, "मुलाला फोन लावला असता." मुलगा अंबडला कंपनीत, ड्यूटीवर फोन घेऊ देत नाहीत. अशा उत्तराची मी शब्दशः नोंद करते. कारण आपल्याकडे "मशीन कसं वाटलं?" असं विचारलं की लोक भिडेखातर "छान आहे" म्हणतात. त्या 'छान'वर मी कुठलाही निर्णय बेतत नाही.

उपकरण घडत असताना पाच-सहा जणही खूप दाखवून देतात. शेवटच्या पडताळणीला मात्र एफडीएच्या, म्हणजे औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या, २०१६ च्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रत्येक गटातले किमान १५ जण लागतात. गट म्हणजे पेशंट वेगळे, सिस्टर वेगळ्या, आणि आजोबांचं बोट टोचून देणारी नात तीही वेगळी.

आणि जागा. गंगापूर रोडवरच्या एसी खोलीत बेसिन शेजारीच असतं, त्यामुळे हात धुणं आपसूक होतं. दिंडोरीकडे द्राक्षाच्या हंगामात बागेतून आलेला माणूस बोट स्पिरिटच्या कापसाने पुसतो आणि टोचतो. जपानमधल्या २०११ च्या एका अभ्यासात द्राक्ष, संत्रं, किवी सोललेल्या बोटांवर शुगर खोटीच वाढलेली दिसली. स्पिरिटने पुन्हा पुन्हा पुसूनही फरक पडला नाही, नळाखाली हात धुतल्यावर पडला. त्या खोट्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवून घेतलं तर शुगर एकदम खाली जाईल. सूचनापत्रात 'हात धुवा' ही पहिलीच ओळ असते, पण ती वाचून माणूस उठतो का, हे बागेतच कळतं. म्हणून मी तिथे टेस्ट घ्यायचा हट्ट धरते, खर्च वाढला तरी.

इजा होईल असं दिसलं तर मी तत्क्षणी थांबवते, त्यात दुमत नाही. आणि टेस्ट संपली की कुणालाही चुकीची सवय घेऊन घरी पाठवत नाही. मावशींना आतलं टोपण काढून दाखवलं, मग त्यांच्याकडून करून घेतलं, आणि गादी ओली झाल्यावर त्यांच्या सुनेलाही करायला लावलं.