शिव्यांचा दरबार

जुन्या स्कॉट्स भाषेत 'फ्लाइट' म्हणजे भांडणं, तेही आवाज चढवून, तोंडाचा पट्टा सोडून. विमानाशी काही संबंध नाही. हातघाईवर न येता समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हे फ्लायटिंग. मला हा शब्द भलताच आवडतो, कारण 1500च्या आसपास त्याला थेट राजदरबारात मानाचं पान मिळालं होतं.

स्कॉटलंडच्या गादीवर राजा चौथा जेम्स. एकीकडे त्याच्या पदरचा कवी विल्यम डनबार, एडिनबरोभोवतालच्या लोथियनचा. दुसरीकडे वॉल्टर केनेडी, नैऋत्येकडच्या कॅरिकचा खानदानी माणूस, गेलिक बोलणारा. (गेलिक ही स्कॉटलंडचीच जुनी भाषा, पण स्कॉट्सहून अगदी वेगळी.) दोघांनी पाचशेहून जास्त ओळींत एकमेकांची यथेच्छ सालटी काढली. डनबार केनेडीच्या गेलिकची टर उडवतो, त्याच्या खंगलेल्या ध्यानाची टिंगल करतो. केनेडी ऐकून घेणाऱ्यांतला नव्हे. गेलिक हीच खऱ्या स्कॉट माणसाची भाषा, असं तो ठणकावतो आणि वर डनबारची बोटीतली फजिती चव्हाट्यावर आणतो. (फजिती पोटाची होती. केनेडी काहीही वगळत नाही, मी वगळतो.) आणि हे सगळं कसं, तर पक्क्या वृत्तात, अनुप्रासांची आतषबाजी करत, डनबारच्या शेवटच्या कडव्यांत तर एकेका ओळीत तीन-तीन यमकं. इतकी मेहनत घेऊन कुणी मला शिव्या घातल्या, तर मी त्या जपून ठेवीन. 1508च्या सुमारास स्कॉटलंडच्या पहिल्यावहिल्या छापखान्यातून जी मोजकी पुस्तकं निघाली, त्यांत हे भांडणही होतं.

वैर म्हणावं, तर पुढे दिवंगत कवींची आठवण काढताना डनबार मरणपंथाला लागलेल्या केनेडीसाठी हळहळतो. त्याला 'भले मास्टर वॉल्टर केनेडी' म्हणतो.

नगरांच्या आणि चर्चच्या दप्तरांत मात्र फ्लायटिंग हाच शब्द गुन्हा म्हणून येतो. तिथे राजकवी नाहीत. शेजारणीशी कडाकडा भांडलेल्या बायकाच जास्त. दंड, जाहीर माफी, आणि काही ठिकाणी 'ब्रँक्स': डोक्याभोवती बसवायचा लोखंडी सांगाडा, त्याची एक पट्टी थेट तोंडात, जिभेवर. तो घालून भर बाजारातल्या क्रॉसपाशी, म्हणजे चौकातल्या खांबापाशी, उभं करायचं. एडिनबरोत या ब्रँक्सची नोंद 1567 सालची आहे. भांडकुदळ डनबारला दरबारातून 1500 साली 10 पौंडांचं वर्षासन मिळत होतं. 1510 साली ते 80 पौंड झालं.