पट्ट्याची ओरड

आमच्या डिचोलीच्या वाड्यावर पहाटे कोंबड्याच्या आधी दादाचा ट्रक ओरडायचा. चावी फिरली की आधी खोकला, मग गुरगुर आणि त्यावर चढलेली ती किंकाळी. पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढली की अंगावर काटा येतो ना, तसला आवाज. शेजारची आजी अंथरुणातूनच दादाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दोन-तीन मिनिटांत आवाज आपोआप विरायचा, म्हणून तर दादाने तो कधी मनावर घेतला नाही.

तो विरायचा का, हे मला फार उशिरा कळलं. ट्रक सुरू करताना स्टार्टर बॅटरीतली बरीच वीज खातो. ती भरून काढायला डायनामो (त्याला अल्टरनेटर म्हणायचं असतं हे दादाला आजही मान्य नाही) सुरुवातीला जोर लावतो. तो जोर त्याच्यापर्यंत पोचतो फॅन बेल्टमधून, म्हणजे इंजिनच्या चाकांवरून (पुल्यांवरून) फिरणाऱ्या रबरी पट्ट्यातून. बेल्ट सैल असला की पुलीवर घसरतो आणि घसरणारं रबर किंचाळतं. बॅटरी भरत आली की ओझं हलकं होतं, रबरही जरा तापून धरायला लागतं आणि सगळं शांत.

दादाचा उपाय म्हणजे साबण. इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं, कपडे धुण्याची वडी पट्ट्याच्या कडांना फिरवायची. चार दिवस शांतता. मग पाऊस यायचा आणि वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात साबण टिकणार किती? मिरगात तर आठवड्याला एक वडी लागायची. वहिनी कपाळाला हात लावायची.

एका श्रावणात नारळ भरून दादा बेळगावला निघाला. शेजारी मी, हौस म्हणून. केरी मागे टाकून चोर्ला घाटाला लागलो आणि निम्म्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. गाडी कडेला घेतली. बॉनेटमधून वाफा, वरून पाऊस आणि आम्ही दोघं काजूच्या झाडाखाली भिजत उभे. ज्या पट्ट्यावर डायनामो फिरतो, त्याच पट्ट्यावर वॉटर पंप आणि पंखाही फिरतो. तो घसरतच होता, फक्त साबणामुळे ते कोणाला ऐकू येत नव्हतं.

परत येताना साखळीच्या गराजात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पट्ट्यावर बोट फिरवलं, हुंगलं आणि म्हणाला, ''साबणान गळो बसता, दुयेंस रावता.'' म्हणजे साबणाने गळा बसतो, आजार तसाच राहतो. मग तांब्याभर पाणी मागवलं आणि इंजिन चालू ठेवून पट्ट्यावर शिंपडलं. आवाज क्षणभर थांबून परत आला असता, तर पुल्या एका रेषेत नाहीत असं समजायचं. आमचा आवाज वाढला. म्हणजे पट्टा घसरतोय.

पट्टा उतरवल्यावर त्याने मला पुलीची खाच दाखवली. तिचा तळ आरशासारखा चकाकत होता. मला वाटलं, चांगलंच आहे की. मिस्त्री हसला. या पट्ट्याने धरायचं असतं ते दोन्ही बाजूंच्या उतारांनी, पाचर लाकडात बसते तसं. तळाला तो टेकताच कामा नये. तळ चकाकतोय याचा अर्थ पट्टा झिजून खाली बसलाय. चपट्या पट्ट्यांच्या आणि दोरांच्या जागी हा पाचरीचा पट्टा अमेरिकेतल्या जॉन गेट्सने १९१७ मध्ये आणला, म्हणजे ही युक्ती शंभरी ओलांडून गेलेली. मला मात्र त्या दिवशी नवी होती.

पण झिजला कशाने? खाचेच्या कडा गंजाने खरखरीत झाल्या होत्या. ट्रक मूळचा खाणीवरचा, सारमानसच्या धक्क्यावर बार्जसाठी खनिज ओतणारा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या. या काळात ट्रक कित्येक पावसाळे अंगणात ताडपत्रीखाली उभा होता. हप्ते तेवढे चालू होते. पुलीच्या खाचेत गंज धरला आणि पुढे चिरे वाहायला गाडी निघाली तेव्हा त्या गंजाने कानशीसारखा पट्टा तासला. त्या पहाटेच्या किंकाळीत ते रिकामे पावसाळेही होते तर.

मिस्त्रीने खाचा पॉलिश पेपरने घासल्या. पट्टे तसे जोडीने दोन होते. दादा म्हणाला, ''एकच बदल, दुसरा बरा आहे.'' मिस्त्रीने ऐकलं नाही. नवा खोंड आणि थकलेला बैल एका जुवाला जुंपला, तर सगळी नांगरट खोंडावर पडते. नवा पट्टा ताठ, जुना ताणलेला. सगळं ओझं नव्यावर. दोन्ही बदलले. मग टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, डायनामो रेटून बोल्ट आवळला आणि अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त आवळला तर आवाज जातो, पण वॉटर पंपाचं बेअरिंगही जातं. ''दोन दिसांनी परत येयात, नवो पट्टो वाडटा,'' तो म्हणाला. दादा चक्क गेला.

जुने पट्टे आमच्याकडे कोण टाकतो? त्यातला बरा, म्हणजे दादाच्या मते बरा, सीटच्या मागे ठेवलाय. दुसऱ्याचे तुकडे करून वहिनीने गोठ्याच्या फाटकाला बिजागरीसारखे ठोकले. लोखंडी बिजागऱ्या होत्या तेव्हा ते फाटक जीव खाऊन कुरकुरायचं. आता मुकाट उघडतं.