पाटणादेवीचं डिसेंबरातलं ऊन

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी पहाटे मोबाईल चाळीसगावचं तापमान ९ दाखवत होता, आणि मी अंगणात उभा राहून विचार करत होतो की नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उठवू का नको. दिवाळीत त्यांना न्यूमोनिया झाला होता. त्यातून बरे झाले, पण तेव्हापासून माणसानं घराबाहेर पडणंच सोडलं, सकाळी दहाला उठणार, रजई गुंडाळून आतल्या खोलीत बसणार, दार लाव, खिडकी लाव, हिव वाजस, म्हणजे थंडी वाजतेय. चाळीस वर्षं कपाशीच्या शेतात उघड्या डोक्यानं काढलेला माणूस असा बसलेला बघवत नव्हता. डॉक्टर म्हणत होते चालवा त्यांना, थोडं थोडं रोज चालवा, उन्हात चालवा. शेवटी आईच म्हणाली, गल्लीत काय चालायचं, पाटणादेवीला नेऊ, देवीच्या नावानं तरी निघतील. आणि खरंच निघाले.

खान्देशात आपण वर्षातले आठ महिने उन्हापासून तोंड लपवून जगतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रं पण दिसत नाही. म्हणून मला वाटतं की हे डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने, जेव्हा ऊन आपल्या बाजूनं असतं, ते घरात बसून घालवू नयेत. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी तर बिलकुल नाही. पण तयारी करून जा, कारण आमची मागच्या वर्षी फजिती झालीय, आणि ती पूर्णपणे माझ्या चुकीमुळे झाली.

मागच्या जानेवारीत आम्ही चौघं असेच गेलो होतो. निघायलाच अकरा वाजले आणि थंडी आहे कोण पाणी पितंय म्हणून मी चौघांत एकच बाटली घेतली. दुपारी एकच्या सुमाराला आईला चक्कर आली, तोंड पांढरं पडलं, झाडाखाली झोपवलं तेव्हा कळलं की सकाळच्या चहानंतर तिनं घोटभर पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. आपल्याकडची थंडी कोरडी असते, वारा उत्तरेकडून येतो, घाम येतो तो अंगावर दिसायच्या आत वाळून जातो, त्यामुळे पाणी कमी झालंय हे समजतच नाही आणि तहान तर लागतच नाही. त्या दिवशी मी जो घाबरलो तो अजून आठवतो. आता माणशी दीड लिटर पाणी आणि वर एका थर्मासमध्ये कोमट पाणी, आणि मी दर अर्ध्या तासानं सगळ्यांना थांबवून पाजतो, कुणी वैतागलं तरी चालेल.

कपड्यांचं पण तसंच आहे. हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे रात्री जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते आणि दिवसा ऊन लागलं की तेवढ्याच झपाट्यानं तापतं. पहाटे ९ आणि दुपारी २७-२८, म्हणजे एका दिवसात दोन ऋतू. एकच जाड जॅकेट घातलं तर दहा वाजता ते हातात धरून फिरावं लागतं. नानांना आतून बनियन, त्यावर सुती सदरा, वर हातानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, वर शाल, कानाला मफलर असं घातलं, म्हणजे एकेक उतरवता येतं. आईनं रात्रीच सगळ्यांच्या हातापायांना आणि टाचांना खोबरेल तेल चोळलं होतं, कारण या वाऱ्यानं कातडी अशी उलते की चालताना टाच ठणकते.

आणि मोजे! हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. पाटणादेवीच्या जंगलात या दिवसांत गवत वाळलेलं असतं आणि कुसळं पिकलेली असतात. लोकरीचे मोजे घातले तर दहा मिनिटांत ते मोजे कुसळांचे होतात. माझ्या लेकीनं एक कुसळ तळहातावर घेऊन त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकला होता, तर त्याची लांब काळी शेपटी हळूहळू गोल फिरायला लागली, पीळ सुटल्यासारखी. पुढचं टोक सुईसारखं. गवताचं बी असंच ओलाव्यानं फिरत फिरत मातीत शिरतं, आणि आपल्या मोज्यात पण तसंच शिरतं. म्हणून गुळगुळीत कापडाची पँट, आणि पायात घोट्याच्या वर येणारे बूट. नानांचा मफलर पण मी त्यांच्या गळ्यात गाठ मारून ठेवला, लोंबकळला की संपलं.

खायचं बायकोकडे होतं. शनिवारी संध्याकाळी परसात पराट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, हिरवी भरताची वांगी भाजली, जळगावच्या भरीत वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय तीच ती लांबडी फिकट हिरवी. सोलून बडजीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, हिरवी मिरची-लसणासोबत ठेचली, सकाळी शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून तेलात परतलं. कळण्याच्या भाकरी पहाटे थापल्या. ज्वारीत उडीद दळलेले असल्यानं त्या दुपारपर्यंत मऊ राहतात, साध्या भाकरीसारख्या कडक होत नाहीत. वर गूळ-शेंगदाणे खिशात, ते नानांसाठी, त्यांना भूक लागली तरी ते बोलत नाहीत.

चाळीसगाव ते पाटणादेवी १८ किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दादर ज्वारी डोलत होती, कुठे गहू, कुठे हरभरा. एका ओळखीच्या शेतापाशी नानांनी गाडी थांबवायला लावली. ते म्हातारे जिभाऊ कान बांधून हरभऱ्यात उभे होते, त्यांनी लांबूनच विचारलं, "कथा चालनात नाना इतलं सकायमा?" म्हणजे एवढ्या सकाळी कुठे निघालात, आणि नाना काचेतून डोकं काढून म्हणाले, "उन्ह खावाले जाई ऱ्हायनूत," ऊन खायला चाललोय. दोन महिन्यांत मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

जिभाऊ आंब धरत होते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पहाटेचं दव असताना स्वच्छ पांढरं फडकं हरभऱ्याच्या शेंड्यांवरून अलगद फिरवायचं. पानांवर बारीक लव असते, त्यातून आंबट पाणी सुटतं, ते दवासोबत फडक्यात येतं, मग ते बाटलीत पिळायचं. पोटाला औषध म्हणून घरोघरी ठेवतात. ऊन वर आलं की दव गेलं, मग आंब पण गेली, म्हणून एवढ्या थंडीत उठावं लागतं. लेकीनं एक पान चाटलं आणि डोळे गच्च मिटले. आईनं त्यांच्याकडून छोटी बाटली भरून घेतली. जिभाऊंचे हात थंडीनं लाल झालेले, पण हरभरा यंदा चांगलाय म्हणून चेहरा खुललेला. थंडी हरभऱ्याला-गव्हाला सोन्यासारखी. केळीचं मात्र उलटं. माझे मामा रावेरकडचे, ते या दिवसांत रात्र रात्र बागेला पाणी देतात आणि बांधावर धूर करतात, कारण पारा १० च्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात.

पाटणादेवीला फार लवकर पोचू नका असं माझं मत आहे. देवीचं देऊळ डोंगरांच्या कुशीत आहे, तिथे सूर्य उशिरा उतरतो, गावात ऊन पडून तास झाला तरी खाली गारच असतं. आम्ही नऊच्या आसपास पोचलो तेव्हा समोरच्या कड्यावरून उन्हाची कड हळूहळू खाली सरकत होती. चंडिकादेवीचं दर्शन झालं, नाना पायरीवर बसले, आणि ती कड अंगणातून येत येत त्यांच्या पायापर्यंत आली, मग गुडघ्यांवर, मग मांडीवरच्या हातांवर. त्यांनी हात उलटे करून तळवे वर केले. कुणीच काही बोललो नाही. पाच-दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःच शाल काढून माझ्याकडे दिली.

हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, १९८६ मध्ये जाहीर झालेलं, साधारण २६० चौरस किलोमीटर. बिबट्या आहे, म्हणून एकट्यादुकट्यानं आत जाऊ नये आणि ऊन कलायच्या आत बाहेर पडावं. वानरं पण आहेत, खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका, पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा. आम्ही केदारकुंडाच्या वाटेनं निघालो, पूर्ण जायचं असं ठरवलंच नव्हतं, नाना जिथे म्हणतील तिथून परत. पावसाळ्यात इथे तुफान गर्दी असते, धबधबा बघायला. आता ओढ्यात नुसती डबकी होती, पण पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न खडा मोजावा. एक धोबी पक्षी दगडावर शेपटी वरखाली करत फिरत होता, हा हिवाळ्यातला पाहुणा. सागाची पानं पडायला लागलीयेत, त्यावरून चालताना पापडावरून चालल्यासारखा आवाज येतो, आणि उन्हानं ती पानं तापली की एक तुरट-गोडसर वास सुटतो तो मला कुठल्याही अत्तरापेक्षा आवडतो. नाना शंभर पावलं चालायचे, पाठ उन्हाकडे करून दगडावर टेकायचे, गुळाचा खडा तोंडात टाकायचे, परत उठायचे. मफलर सुटला, स्वेटर सुटला. साडेअकराला ते नुसत्या सदऱ्यावर होते, आणि आई माझ्याकडे बघून काहीच न बोलता हसली.

साडेबाराला आम्ही जुन्या महादेवाच्या देवळापाशी मोकळ्या जागेत जेवायला बसलो. आणि इथे मला एक गोष्ट करून बघायची होती. पाटण, म्हणजे हाच देवीचा परिसर, म्हटलं की भास्कराचार्य, बाराव्या शतकातले मोठे गणिती. त्यांचा जन्म १११४ चा, त्यांचं विज्जडविड गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळालं, हे इथल्या शिलालेखात कोरलेलं आहे. तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. म्हणजे आपण जिथे भाकरी सोडतोय तिथे आठशे वर्षांपूर्वी पोरं बसून गणित शिकत होती, मला हे दर वेळी नव्यानं अंगावर येतं. आणि भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात सावलीच्या गणिताचं एक प्रकरणच आहे, छायाव्यवहार, बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची खुंटी, उभा करायचा आणि त्याच्या सावलीवरून हिशोब.

तर लेकीला म्हणलं, आजोबांची काठी घे. सपाट जागा बघून काठी सरळ उभी धरली. आपल्याकडे घड्याळाचे बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर नसतो, भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर ठरवलेली आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून चाळीसगावची खरी दुपार या दिवसांत साडेबाराला होते. तिनं सावलीच्या टोकाला खडा ठेवला आणि काठी आडवी टाकून मोजली. काठी आणि सावली जवळपास सारखी! सावली दोन बोटं कमी, बस. भर दुपारी माणसाएवढी सावली, इतका सूर्य दक्षिणेला कललेला. हाच सूर्य मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी बरोब्बर डोक्यावर येतो आणि हीच काठी उभी केली तर सावलीच पडत नाही. लेक म्हणाली म्हणून आत्ताचं ऊन भाजत नाही का. हो, म्हणूनच. तिरपं येतं, तेच ऊन जास्त जागेवर पसरतं. नाना हे सगळं भाकरी चावत ऐकत होते, म्हणाले, "आम्ही निंबाची सावली बघून औत सोडायचो, आम्हाला कुठे माहीत त्याचं पुस्तक आहे."

भरीत थंड झालं होतं तरी संपलं. नानांनी दीड भाकरी खाल्ली. जेवल्यावर ते तिथेच सतरंजीवर टोपी तोंडावर घेऊन उन्हात आडवे झाले आणि तासभर झोपले, घोरत. दिवाळीपासून त्यांना दिवसा अशी झोप लागलीच नव्हती.

तीनला निघालो. डोंगराची सावली दऱ्यात लवकर उतरते आणि उतरली की पाच मिनिटांत गारठा येतो, तेव्हा घामेजलेलं अंग असेल तर हमखास हुडहुडी, म्हणून गाडीत बसायच्या आधीच सगळ्यांना परत स्वेटर. घरी येऊन गुळाचा चहा, आणि मग आई दिव्याखाली चिमटा घेऊन सगळ्यांच्या कपड्यांतली कुसळं काढत बसली. एवढं करून माझ्या पँटच्या शिवणीत अकरा निघाली.

आता नाना रोज साडेबाराला अंगणात येतात. म्हणजे लेक शाळेत असते म्हणून तिनं ते काम त्यांच्याकडे दिलंय, काठी ठरलेल्या फरशीवर उभी करायची आणि सावलीच्या टोकाला खडूनं रेघ मारायची. ते येतात, रेघ मारतात, आणि मग खुर्ची टाकून तिथेच बसतात, शेजारचे आबा येतात, कापसाच्या भावावर बोलणं होतं, दीड-दोन वाजतात. संक्रांतीच्या दिवशी मोजलं तर सावली पाटणादेवीच्या मापापेक्षा तीन बोटं आत आली होती. लेकीनं विचारलं, म्हणजे थंडी चालली का आजोबा? नाना म्हणाले, नाही गं, महाशिवरात्रीला शिव शिव करत जाते ती, तोवर आहे अजून, आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली, कारण भिंतीची सावली त्यांच्या पायावर यायला लागली होती.