डबीतली नाळ आणि साडेचार बोटं

नवव्या दिवशी लंगोट बदलताना मांडीखाली काहीतरी काळं, कडक हाताला लागलं. जळक्या सुतळीच्या टोकासारखं. नाळ पडली होती. आदल्या दिवसभर ती एका धाग्यावर लोंबकळत होती आणि ओढून काढायचा मोह मी कसाबसा आवरला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं: कोरडी ठेवा, लंगोट बेंबीच्या खाली दुमडा, ओढू नका.

"हे तू ठेवणारेस?" बायकोने विचारलं.

ठेवणार होतो. जपानमध्ये हा तुकडा, 'हेसो नो ओ', किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या इवल्याशा डबीत जपून ठेवतात. कितीतरी प्रसूतिगृहं तर घरी जाताना स्वतःच तो आईच्या हातात देतात. न्यूझीलंडच्या माओरींच्या भाषेत 'फेनुआ' म्हणजे वार, नाळेचं दुसरं टोक आईच्या पोटात जिला जोडलेलं असतं ती, आणि 'फेनुआ' म्हणजेच जमीन. वार जमिनीत पुरायची त्यांची रीत आहे. मातीशी नाळ जोडलेली असणं आपण नुसतं बोलतो, ते तिकडे अक्षरशः करतात. आणि एके काळी इंग्लंडमध्ये बाळाच्या डोक्यावरचा जन्मवेळचा पातळ पडदा खलाशी पैसे मोजून विकत घेत, का तर तो जवळ असला की माणूस बुडत नाही! त्यापुढे माझं वेड किरकोळच. हा युक्तिवाद घरात चालला नाही.

पहिली चूक तिथल्या तिथे केली. तुकडा कापसात गुंडाळून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत टाकला. वरून वाळलेला दिसला तरी बेंबीकडचं टोक ओलसर होतं. तीन दिवसांनी झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. मग तो जाळीच्या कापडावर सावलीत आठवडाभर वाळवला, कागदात गुंडाळला आणि लाकडी डबीत ठेवला. सोबत बुटांच्या खोक्यात मिळते ती ओल शोषणारी पुडी. आता वास नाही. कागदावर तारीख पेन्सिलीने लिहिली, कारण शाई उडते हे तेव्हाच कळलं होतं: सोनोग्राफीचा पहिला फोटो उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावरचा, तो काही महिन्यांतच राखाडी पडला होता. उरलेले त्याच रात्री स्कॅन केले.

पावलाचे ठसे घेणं सोपं वाटलं होतं. शाई जास्त झाली, कागदावर काळा गोळा उमटला, चादरीवर मात्र सुरेख ठसे. म्हणून साचा करायचं ठरवलं. दातांचं माप घेताना दंतवैद्य वापरतात ती अल्जिनेटची पावडर. समुद्री शेवाळापासून बनते, कोमट पाण्यात कालवली की दोन-तीन मिनिटांत घट्ट होते. प्लास्टर मात्र कातडीवर थेट लावायचं नाही, घट्ट होताना ते तापतं.

पहिल्या वेळी बाळ जागं होतं. तळवा लगद्याला टेकला आणि पाचही बोटं आत मिटली. कितीही गोंजारा, उघडेनात. यात बाळाचा हट्ट नसतो. नवजात बाळाच्या तळव्याला बोटांखाली काही लागलं की बोटं आपोआप वळतात. लगदा फुकट जाऊ नये म्हणून प्लास्टर ओतलं आणि मुठीसारखं एक पाऊल मिळालं.

दुसरा प्रयत्न रात्री, दूध पिऊन गाढ झोपल्यावर. बायकोने पोटरी धरली, मी पेला. पाय बाहेर निघताना 'पचक' असा आवाज झाला आणि आम्ही दोघांनी श्वास रोखला. बाळ झोपलेलंच. साचा सुकला की आकसतो, म्हणून प्लास्टर लगेच ओतलं, बुडबुडे निघावेत म्हणून पेला हलकेच आपटला. एवढं सगळं नीट केल्यावर शेवटी घाई नडली. प्लास्टर पुरतं कडक व्हायच्या आत साचा फाडला आणि करंगळी अर्धी साच्यातच राहिली. पण टाचेवरच्या बारीक सुरकुत्या, अंगठ्याच्या नखाची कड, सगळं उतरलं होतं. साडेचार बोटांचं ते पाऊल आता डबीशेजारी असतं.

मुठीसारखं पहिलं पाऊल मी कचऱ्यासाठी बाजूला काढलं होतं. परवा किल्ल्या शोधताना ते बायकोच्या कपाटात सापडलं, रुमालात गुंडाळलेलं. सोबत बाळाच्या मनगटावरची रुग्णालयाची पट्टी. मी ते होतं तसं परत ठेवलं आणि किल्ल्या दुसरीकडे शोधल्या.