तीनशे चोवीस
आमच्या औषध कंपनीचा विद्यापीठाशी करार झाला तेव्हा समन्वयक म्हणून माझं नाव घातलं गेलं, कारण दुसऱ्या कुणाला ती कटकट नको होती. काम म्हणजे वेर्ण्याच्या आमच्या कारखान्यातून नमुने पाठवायचे, रिपोर्टसाठी मागे लागायचं आणि तिकडून कुणी काही छापत नाही ना, यावर डोळा ठेवायचा.

चवथीच्या तोंडावर स्टेबिलिटी चेंबरमधून, म्हणजे गोळ्या किती टिकतात ते बघायच्या उबदार दमट कपाटातून, सहा महिन्यांच्या गोळ्या काढल्या. ४० अंश, ७५ टक्के आर्द्रता. एचपीएलसी, म्हणजे गोळीतले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र, त्याच्या आलेखावर औषधाच्या मुख्य उंचवट्याच्या, 'पीक'च्या, आधी एक आगंतुक पीक. आम्ही यंत्राची नळी, म्हणजे कॉलम, बदलला, तिच्यातून वाहणारं द्रावण नव्याने केलं, फिल्टर बदलले, शेवटी भांडी धुणाऱ्या पोरावर खापर फोडलं. पीक हलेना. गोळीत काय घालायचं ते ठरवणारे फॉर्म्युलेशनवाले अगदी गप्प.

नमुना ताळगावला विद्यापीठात पाठवला. चवथ उलटल्यावर तिथली पीएचडीची मुलगी स्वतःच बसने आली, ओली चिंब; कागद मात्र पिशवीत कोरडे. "सर, वस्तुमान औषधापेक्षा ३२४ ने जास्त येतंय. लॅक्टोज ३४२, त्यातून पाण्याचे १८ गेले."

मला खुर्चीत बसावं लागलं. औषधात अमाइन हा नायट्रोजनचा गट, गोळीत भराव लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, वर दमटपणा. मेलार्ड अभिक्रिया: साखर अमाइनला चिकटते, पाणी सुटतं; पोदेराच्या भट्टीत पाव तांबूस होतो तो हिच्यामुळेच. तिने नुसतं औषध आणि लॅक्टोज ओलावा देऊन तापवलं होतं: तेच पीक, त्याच मिनिटाला. लॅक्टोजच्या जागी मॅनिटॉल, अमाइनला न चिकटणारा दुसरा भराव, घेतलं तर रेघ सपाट. कुणी सांगितलं नसताना हे दुसरं करून बघितलं, त्याचं मला फार कौतुक वाटलं.

"माझ्या पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये, प्रबंधाच्या सारांशात, घालू ना, सर?"

कायदेवाले म्हणाले, आधी पेटंटचं बघू. भारतात अर्जाआधी छापलं की नावीन्य जातं, हे खरंच. तिलाही मी तेच ऐकवलं. पण यात पेटंट कसलं घेणार? लॅक्टोज आणि अमाइनचं पटत नाही हे फार्मसीच्या पुस्तकात आहे. आमच्याच लोकांनी ते उघडलं नाही, झाकायचं होतं ते एवढंच.

आता गोळीत मॅनिटॉल आहे. बदलाच्या फॉर्मवर कारण 'अंतर्गत तपासातील निष्कर्ष', अक्षर माझं. तिच्या सिनॉप्सिसमध्ये त्या जागी 'संयुग अ'. परवा तिचा मेल आला: समितीने विचारलंय, 'अ' म्हणजे नेमकं काय?

'वरून विचारून कळवतो' असं लिहून पाठवलं. वर अजून विचारलेलं नाही.