पाऊस गेल्यावर धबधब्याला का जाते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सोसायटीत, ऑफिसात, लोकलमध्ये प्रश्न एकच असतो, "पाऊस संपल्यावर धबधब्याला कशाला जाता? आणि त्याही एकट्या?"

आधी जुलैचं सांगते. राहते ठाण्यात, पण नोकरी खारघरला, त्यामुळे पांडवकडा रस्त्यावरूनच दिसतो. साधारण १०७ मीटरवरून कोसळणारं ते पाणी बघून कुणाचेही पाय तिकडे वळतील. पावसाळ्यात वनखातं तिथे जाऊ देत नाही आणि ते अगदी योग्य करतं. त्या ओढ्यांनी बरेच जीव घेतलेत. माथ्यावर जोराची सर आली की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, आणि ओढा ओलांडून गेलेला माणूस पलीकडेच अडकतो. जुलैत मी लांबूनच बघते.

माझे दिवस परतीचा पाऊस सरला की सुरू होतात. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर दिवाळीच्या आसपास आडवारी सुट्टी टाकायची आणि ठाण्याहून सकाळची कर्जत लोकल पकडायची. भिवपुरी रोडला उतरलं की माथेरानच्या डोंगराकडे भातखाचरांतून वाट जाते. कापणी चालू असते, बांधावर कुर्डूचे गुलाबी तुरे. "ताई, एकट्याच?" विळा थांबवून कुणीतरी विचारतंच. मग मीही विचारते, वर पाणी किती आहे, काल-परवा पाऊस झाला का. कामाच्या घाईतही ती माणसं नीट सांगतात. त्यांचा शब्द मी मोबाइलवरच्या अंदाजापेक्षा जास्त मानते.

धार तेव्हा बारीक झालेली असते. आपल्या सह्याद्रीचा कातळ पाणी फारसं साठवून ठेवत नाही. उतारावरच्या मातीतून आणि भेगांतून जेवढं झिरपतं तेवढंच खाली येतं, म्हणून डिसेंबरपर्यंत बहुतेक धबधबे आटतात. पण पाणी ओसरल्यामुळेच कडा दिसतो. काळ्या दगडात पांढरे ठिपके असतात, ते हात लावून बघा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे खनिजं भरली. कपारीत बोटभर खेकडा बसलेला असतो. सावली पडली की आत सरकतो, पुन्हा नांग्या बाहेर काढतो. त्याच्यासमोर मी कितीही वेळ बसू शकते.

भीती वाटते, पाण्याची आणि शेवाळाची. वरून वाळलेलं शेवाळ ओल्यापेक्षा फसवं, म्हणून काठी हवीच. डोहात मी उतरत नाही. आतले खळगे वरून कळत नाहीत. निघताना घरी गावाचं नाव आणि परतीची लोकल सांगून ठेवते. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो, शिवाय डोंगर पश्चिमेला असल्याने तिथलं ऊन लवकर जातं. त्यामुळे जेवणाच्या वेळेला मी उतरायला लागते.

आणि एकटी का? घोळक्यात कुणीतरी "एवढं आलोय तर वर जाऊया" म्हणतंच, आणि नको वाटत असूनही सगळे चढतात. एकटी असले की ढग भरून आलेले दिसताच मी अर्ध्या वाटेवरून मागे फिरते. कुणाला समजवावं लागत नाही.